टँकवर नवा लाइट चढवण्याआधी

नवा एलईडी घरी आला की त्याच संध्याकाळी तो टँकवर, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीवर, टांगावासा वाटतो. टांगू नका. खोका आठवडाभर कपाटावर पडू दे. या कामाची निम्मी तयारी जुना दिवा जागेवर असतानाच करायची असते, आणि तो एकदा उतरवला की ती राहूनच जाते.

हे मी माझ्या टँकवरून सांगतोय. तीन फुटी टँक, वर ३९ वॉटच्या चार टी-५ नळ्या (बारीक ट्यूबलाइट), आत झोआ, मशरूम आणि एक थोराड लेदर, ही सगळी मऊ कोरल. दगडी कोरल माझ्याकडे नाहीत. सगळे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मालवणला स्नॉर्केलिंग करताना आवडलेला तुकडा पिशवीत घालून आणावा असं ज्यांच्या मनात येतं, त्यांनी इथेच थांबावं.

पहिलं काम म्हणजे जुन्या दिव्याचा हिशेब. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, झूझँथेली, आणि कोरलचं बरंचसं जेवण तेच रांधतं. प्रकाश कमी मिळत असेल तर हे शैवाल जास्त हरितद्रव्य बनवतं, त्यामुळे कोरल तपकिरी दिसतं. प्रकाश वाढला की तेच शैवाल आपलं भांडवल कमी करत आणतं. या बदलाला दिवस लागतात, कधी आठवडे. एका रात्रीत प्रकाश दुप्पट केला तर शैवालाची यंत्रणा झेपेल त्याहून जास्त ऊर्जा गोळा करते, त्यातून ऑक्सिजनची विषारी रूपं तयार होतात आणि कोरल भाडेकरूलाच घराबाहेर काढतं. पांढरं पडलेलं कोरल म्हणजे हे रिकामं घर. म्हणून नवा दिवा किती ताकदीचा आहे यापेक्षा आपल्या कोरलला आजवर किती प्रकाशाची सवय आहे, हे आधी कळायला हवं. ही सवय बहुतेकदा आपण समजतो त्याहून कमीची असते. माझ्या नळ्या दीड वर्षाच्या झाल्या होत्या आणि टी-५ नळी डोळ्याला जाणवणार नाही अशा बेताने मंदावत जाते. नळ्या नव्या असताना काय द्यायच्या ते विसरा, आज काय देतात ते मोजा.

मोजायचं ते ‘पार’ मीटरने. पार म्हणजे वडाखालचा नव्हे, वनस्पतीला आणि शैवालाला वापरता येण्याजोग्या प्रकाशाचा आकडा. पाण्याखाली चालणारा मीटर महाग असतो, पण तो विकत घ्यायची गरज नाही. शहरात रीफ टँक ठेवणारे दहाजण असतील तर एकाकडे तो असतोच, आणि एका रविवारसाठी तो देतोही. पंप चालू ठेवून मोजा, सेन्सरचं तोंड वर ठेवा. लाटांमुळे आकडा नाचतो, त्यातला मधला धरा. वाळूवर, दगडाच्या पोटाशी, माथ्यावर आणि प्रत्येक मोठ्या कोरलच्या अगदी शेजारी मोजून वहीत टँकचं चित्र काढून आकडे त्यात लिहा. माझ्याकडे वाळूवर ६० आणि माथ्यावर १४० भरले. फोनमधलं लक्स दाखवणारं ॲप इथे चालणार नाही. लक्स माणसाच्या डोळ्यासाठी केलेलं माप आहे, आणि निळ्या प्रकाशाला आपला डोळा मंद.

याच कारणाने डोळ्यावर विसंबू नका. टी-५ चा पांढरा उजेड खोलीभर सांडतो. एलईडी निळ्यावर ठेवला की टँक अंधारा वाटतो आणि हात आपसूक दिव्याच्या ॲपमधल्या स्लायडरकडे जातो. प्रत्यक्षात त्या ‘अंधारात’ पारचा आकडा जुन्या दिव्याहून मोठा असू शकतो, कारण पारमध्ये निळा प्रकाशही पुरता मोजला जातो, आपल्या डोळ्याला तो कमी दिसतो. पाहुणे आले की ‘जरा मोठा कर ना लाइट’ म्हणणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतं. त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि दिव्याचं ॲप फक्त एकाच फोनवर ठेवा.

फोटोही जुन्या दिव्याखालीच काढून घ्या, प्रत्येक कोरलचा वेगळा, भर दुपारच्या सेटिंगला. नंतर ‘हे आधीपासूनच असं फिकट होतं का?’ हा वाद स्वतःशीच होतो आणि आठवण नेहमी सोयीची साक्ष देते.

पाण्याचं काम दोन आठवडे आधी उरका. खारटपणा ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास, तापमान २५-२६ अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) जिथे आहे तिथे स्थिर. नायट्रेट-फॉस्फेट ही पोषकद्रव्यं शून्यावर आणून ‘स्वच्छ’ टँक मिरवायची ही वेळ नाही. उपाशी कोरलवर जास्त उजेड टाकला तर ते आधी फिकट पडतं. नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाणी गाळायचा कोळसा) टाकायचा असेल तर आत्ताच टाका. तो पाण्यातला पिवळेपणा काढतो आणि तेवढ्यानेच खालपर्यंत जास्त प्रकाश पोचतो. वरच्या काचेवर मिठाचे डाग असतील तर तीही आत्ताच पुसा. नवा लाइट आणि पुसलेली काच एकाच दिवशी आली तर कशामुळे काय झालं हे कळायचं नाही.

आता खोका उघडायला हरकत नाही, पण दिवा टँकवर चढवू नका, दुसऱ्या खोलीत लावा. दोन दिवस पूर्ण वेळापत्रकावर चालवून त्याच्या पंख्याचा आवाज किती आणि तो कधी वाढतो ते बघा. मग भर दुपारी प्लग काढा, दहा मिनिटांनी परत लावा. आपल्याकडे ही चाचणी टाळून चालत नाही. माझ्या पहिल्या स्वस्तातल्या दिव्याचं घड्याळ वीज गेली की दुपारी बारापासून पुन्हा सुरू व्हायचं. रात्री साडेनऊला वीज परत आली, आम्ही गावाला, आणि झोपलेल्या टँकवर भर दुपारचा सूर्य उगवला. हे सलग तीन रात्री चाललं. परतलो तेव्हा मशरूम दगडाला चिकटलेल्या सुपारीएवढे आक्रसले होते. दिव्याला वेळ लक्षात राहत नसेल तर तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर परत करा.

टांगणीवर मी फार वेळ घालवणार नाही. स्लॅबमध्ये हुक, स्टेनलेस तार, उंची बदलता येईल अशी सोय. वायरला प्लगच्या खाली झोका द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता झोक्याच्या टोकावरून खाली पडेल. टँकच्या लाइनवर ईएलसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) नसेल तर कोरलचं राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बदलाच्या दिवशी मीटर पुन्हा हातात हवा, म्हणून त्या मित्राला आधीच दोन रविवार सांगून ठेवा. जुना दिवा उतरवा, नवा लावा, २० टक्क्यांवर सुरू करा आणि वहीतल्या त्याच जागा मोजा. टक्के आणि पार यांचं गणित सरळ नसतं, त्यामुळे दुसऱ्याच्या टँकवरचा ‘४० टक्के’ तुमच्या कामाचा नाही. एलईडीच्या भिंगाखाली प्रकाशाचा खांब पडतो. माझ्याकडे मध्यावर कोपऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आकडा आला, नळ्यांखाली असला भेद नव्हता. हिशेब नेहमी त्या खांबाखालच्या सर्वांत उंच कोरलचा करा. त्याच्याजवळचा आकडा जुन्या आकड्याच्या पाऊणपट येईल तिथे स्लायडर थांबवा. माथ्यावर १४० होते, मी १०५ वर थांबलो. दिव्याचे तास होते तेवढेच ठेवा. ताकद आणि तास दोन्ही एकदम बदलू नका.

मशरूमला सावलीत हलवायचं असेल तर ते आठवडाभर आधी. त्याच दिवशी जागाही बदलली आणि उजेडही, असं करू नका. टँकमध्ये ॲनिमोन (समुद्रफूल, जागा बदलणारा मऊ प्राणी) असेल तर पंपाच्या तोंडाला जाळी बांधा. उजेड पटला नाही की ते चालायला लागतं, आणि पंपात गेलेलं ॲनिमोन अख्ख्या टँकचं पाणी नासवतं.

दिव्याला मंद करायची सोयच नसेल तर तो उंच टांगा आणि मध्ये मच्छरदाणीची जाळी घाला. फॉल्स सीलिंगच्या दिव्याखाली असते ती चौकोनी प्लास्टिकची जाळी टँकवर आडवी ठेवायची, तिच्यावर नायलॉनच्या जाळीचे चार पदर. चार-पाच दिवसांनी एकेक पदर काढायचा. खिडकीची धातूची जाळी घेऊ नका, खारट वाफेने ती गंजते आणि गंज खाली टपकतो.

पुढचे सहा आठवडे दर रविवारी पाच टक्के वाढवायचे, त्याहून जास्त नाही. त्या दिवशी एखादं कोरल मिटलेलं असेल तर तो रविवार सोडायचा. ॲपमध्ये सवय लावण्याचा तयार मोड असतो, तो वापरा, पण शेवटी किती टक्क्यांवर जाऊन थांबायचं ते तुम्ही ठरवा. शंभर गाठायचंय असं कुणी सांगितलेलं नाही. मशरूम ५० ते १०० पारमध्ये सुखी असतात, झोआ आणि लेदरला १५० पुरे होतं.

लेदर मिटून वर मेणासारखा पापुद्रा धरेल. घाबरू नका, ते कात टाकतं. प्रवाह जरा वाढवा, आठवड्याभरात पापुद्रा वाहून जाईल. झोआंचे देठ लांब होऊन मान वर करू लागले तर उजेड कमी पडतोय. माथा पांढरा पडत असेल तर जास्त होतोय, आणि त्याच दिवशी मागच्या ठीक आकड्यावर परत या. कोरल उचलून कोपऱ्यात नेऊ नका, पूर्ण अंधारही करू नका. मांस शाबूत असेल आणि रात्री थोडं बारीक खाद्य मिळत राहिलं तर रंग परत येऊ शकतो. त्याला आठवडे लागतात, कधी महिने.

जुना दिवा निदान दोन महिने विकू नका. नवा बिघडला तर दुरुस्ती होईपर्यंत तोच कामी येतो. माझा अजून माळ्यावर आहे, नळ्यांसकट, आणि घरात दर दिवाळीला त्याचा विषय निघतो.