व्हिक्टोरियन लंडनमधली एक पॅरिश कशी वाचायची

लंडनच्या जुन्या सार्वजनिक आरोग्यात घुसायचं असेल तर अख्खं शहर घेऊ नका, एकच पॅरिश (एका चर्चच्या हद्दीचा, स्वतःचा स्थानिक कारभार असलेला भाग) धरा. मी सेंट जेम्स वेस्टमिन्स्टर धरली होती, म्हणजे पिकॅडिलीपासून सोहोच्या कडेपर्यंतचा भाग. उदाहरणं तिथलीच देतो, बाकी पद्धत कुठेही चालते.

आधी डोक्यातून "महापालिका" काढून टाका. 1889 ला लंडन काउंटी काउन्सिल येईपर्यंत सगळ्या लंडनची मिळून थेट निवडलेली नगरसभाच नव्हती. कारभार पॅरिशचा, आणि पॅरिशची सभा म्हणजे व्हेस्ट्री. 1855 च्या कायद्यानं या व्हेस्ट्र्यांवर (आणि लहान पॅरिश एकत्र करून केलेल्या डिस्ट्रिक्ट बोर्डांवर) गल्लीतली गटारं, फरसबंदी, कचरा अशी कामं आली आणि एक मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ नेमणं सक्तीचं झालं. हो, तोच एमओएच, मुंबईच्या वॉर्ड ऑफिसात आजही ज्याच्या नावानं अर्ज जातो तो.

आता एक कागद घ्या आणि कोणाकडे काय होतं ते लिहून भिंतीला चिकटवा, खरंच चिकटवा, कारण पुढे शंभर वेळा गोंधळ होणार आहे. गल्लीतलं गटार व्हेस्ट्रीचं पण मोठी मलवाहिनी मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सची (सगळ्या लंडनच्या मोठ्या बांधकामांचं मंडळ), गरीब लोक आणि वर्कहाऊस (निराधारांना ठेवून काम करून घ्यायची जागा) गार्डियन्सकडे, म्हणजे गरिबांची व्यवस्था बघणाऱ्या मंडळाकडे, आणि नळाचं पाणी चक्क खासगी कंपन्यांचं. 1854 च्या कॉलऱ्यात डॉक्टर जॉन स्नो, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यातून रोग पसरतोय हे सांगायला 7 सप्टेंबरला संध्याकाळी गेला तो गार्डियन्सच्या बोर्डापुढे, आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा निघाला. व्हेस्ट्रीची चौकशी समिती नंतर बसली. लोक हे दोन्ही एकच समजून लिहितात आणि मग ठराव चुकीच्या वहीत शोधत बसतात.

दुसरी पायरी, एमओएचचे वार्षिक रिपोर्ट. वेलकम कलेक्शनच्या साइटवर "लंडन्स पल्स" नावाखाली साडेपाच हजारांहून जास्त रिपोर्ट फुकट आहेत, शब्द टाकून शोधता येतात. फक्त पहिल्या पानावरचा मृत्युदर बघून लगेच निष्कर्ष काढू नका. जनगणना दहा वर्षांनी, मधल्या वर्षांची लोकसंख्या अंदाजे, त्यामुळे भागाकारच डळमळीत. त्यात पॅरिशच्या हद्दीत मोठं हॉस्पिटल असेल तर बाहेरून येऊन मेलेले कोणाच्या खात्यात धरलेत ते तळटीपेत बघावं लागतं. आणि सरासरी! सेंट जेम्समध्ये सेंट जेम्स स्क्वेअरचे वाडे पण आहेत आणि बेरविक स्ट्रीटच्या खोलीखोलीत कोंबलेली कुटुंबं पण, दोन्ही मिसळली की आकडा छान सभ्य दिसतो. म्हणून नेहमी सब-डिस्ट्रिक्टचा तक्ता उघडा.

त्याहून बारीक जायचं तर एकेका इमारतीपर्यंत जा, मला सगळ्यात मजा इथे आली. त्याच 1854 च्या कॉलऱ्यात पोलंड स्ट्रीटच्या वर्कहाऊसच्या आजूबाजूला घरोघरी माणसं मरत होती आणि आत 535 जणांपैकी फक्त 5 कॉलऱ्यानं गेले. का, तर त्यांची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या ब्रुअरीत सत्तरच्या वर कामगार, कॉलऱ्यानं मेलेला एकही नाही, ते बिअर प्यायचे आणि त्यांचीही विहीर वेगळी. तर नकाशा समोर ठेवून कोण कुठलं पाणी पीत होतं ते मार्क करत जा. जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे) नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट मिळतात.

तिसरं म्हणजे व्हेस्ट्रीची मिनिट्स, म्हणजे बैठकांची इतिवृत्तं, ही बहुतेक ऑनलाइन नसतात, त्या त्या बरोच्या (लंडनचा आजचा स्थानिक कारभाराचा विभाग) अर्काइव्हला लिहावं लागतं (सेंट जेम्ससाठी वेस्टमिन्स्टर). कंटाळवाणी आहेत, पण खरी गोष्ट इथेच. एमओएचनं अमुक घराचा शौचखड्डा भरून वाहतोय म्हणून कळवलं की ती तारीख लिहा, मग पुढच्या पानांवर त्याचं काय झालं ते शोधा. "समितीकडे पाठवला" असं तीन बैठका सलग दिसलं की समजायचं, काम टाळलं जातंय. सभासद व्हायला साधारण 40 पौंडांच्या करमूल्याचं घर किंवा दुकान लागायचं (गरीब पॅरिशमध्ये 25), म्हणजे दुकानदार, घरमालक, जे स्वतःच पट्टी भरणारे. गटार केलं की पट्टी वाढणार, आणि काही ठिकाणी तर घाणेरड्या घरांचा मालकच सभेत बसलेला. तरी सगळ्यांना सरसकट कंजूष म्हणू नका, सेंट जेम्सच्याच व्हेस्ट्रीनं ती कॉलऱ्याची चौकशी पदरचा खर्च करून केली, आणि त्यातूनच हेन्री व्हाइटहेड या पाद्र्यानं 40 नंबरच्या घरातल्या आजारी बाळापर्यंत माग काढला, जिथला शौचखड्डा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर निघाला. मात्र तोच पंप नंतर रहिवाशांच्या मागणीवरून परत सुरू झाला, हेही कागदावर आहे.

कचऱ्याची कंत्राटं पण चाळा. कोळशाची राख वीटभट्टीवाले घ्यायचे, त्यामुळे एके काळी कंत्राटदारच पॅरिशला पैसे द्यायचा, विटांची मागणी बसली की पॅरिशनं कंत्राटदाराला द्यायचे. हिशोबाच्या वहीत रकमेची बाजू बदललेली दिसली की तो काळ सापडला.

आणि शोधताना 1900 ची रेघ लक्षात ठेवा. 1899 च्या कायद्यानं व्हेस्ट्र्या गेल्या, मेट्रोपॉलिटन बरो आल्या, सेंट जेम्स पॅरिश वेस्टमिन्स्टर बरोमध्ये विरघळली. त्यानंतरचा रिपोर्ट जुन्या नावानं टाकलात तर सर्चमध्ये शून्य येईल, माझी अख्खी दुपार त्यात गेली.