सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड: दोष ऑइल फिल्टरचा निघाला

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट करताच इंजिनात तीन-चार सेकंद खडखड, आणि तेवढा वेळ ऑइलचा लाल दिवाही विझत नसे. दिवसभर मात्र काही नाही. इथे इंदूरला मेकॅनिक म्हणाला, "भिया, टॅपेट है." टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सेट केले, मग महागडं ऑइल घातलं. फरक शून्य, दोन महिने नुसता वैताग.

शेवटी तो स्वस्तातला फिल्टर काढून पाहिला. कडेच्या भोकांच्या आत ऑइल मागे जाऊ न देणारी रबरी झडप असते. काडीने दाबली, तर पापडासारखी कडक! माझ्या गाडीत फिल्टर आडवा बसतो, म्हणून रात्रीतून रिकामा होत होता आणि सकाळी तो भरेपर्यंत इंजिनाला ऑइल पोचत नव्हतं.

नवा घेताना दुकानातच स्वच्छ काडीने दाबून पाहिलं: सिलिकॉनची झडप, मऊ, सोडताच जागेवर. (रंगावर जाऊ नका, दाबूनच बघा.)

मग कोमट इंजिनातलं ऑइल काढलं. जुनं गॅस्केट (फिल्टरच्या तोंडावरची रबरी रिंग) इंजिनाच्या ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना, ते बघितलं. नव्या गॅस्केटला बोटाने ऑइल लावलं. ते टेकल्यावर डब्यावर लिहिल्याप्रमाणे पाऊण फेरा, हातानेच, पाना नाही. ऑइल भरून मिनिटभर इंजिन चालवलं, गळती पाहिली, बंद केल्यावर पाच मिनिटांनी डिपस्टिक बघून कमी पडलेलं ऑइल घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लगेच विझला. खडखड नाही.