जुन्या जीपचे मागचे घडीचे बाक: कुशनच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कुशनच्या दुकानात नवीन आलेल्या मुलाच्या हाती जुनी महिंद्राची मेजर, कमांडर किंवा मारुतीची जिप्सी आली, की त्याचं पहिलं लक्ष फाटलेल्या रेक्झिनवर जातं. गिऱ्हाईकही तेच दाखवतं: "कव्हर बदलून द्या." पण मागे समोरासमोर बसवलेले, उचलून भिंतीला टेकवायचे बाक ही आधी लोखंडाची वस्तू आहे आणि मग गादीची. बिजागरीत ढिलाई, खटका झिजलेला, खालचा पत्रा गंजलेला आणि वर नवंकोरं रेक्झिन, असं काम महिन्याभरात परत येतं. म्हणून क्रम पक्का ठेवा: पत्रा, बिजागरी, खटका, फळी, फोम आणि सगळ्यात शेवटी कव्हर.

बाक खोलण्याआधी फोटो काढा आणि डाव्या-उजव्या बाजूचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यांत ठेवा. महिंद्राच्या जुन्या जीपचा मूळ आराखडा विलीज या अमेरिकन कंपनीचा, त्यामुळे त्यांत इंची आटे सर्रास सापडतात. मधल्या काळात कुणीतरी मिलिमीटरचे बोल्टही घातलेले असतात. अडीच सुती (5/16 इंची) बोल्ट आणि 8 मिमीचा बोल्ट नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. 8 मिमीचा नट अडीच सुतीवर एक-दोन आटे चढतो आणि अडकतो. तिथे जोर लावला की दोन्हींचे आटे गेले. तसंच अर्ध्या इंची डोक्याला 13 चा पाना लागल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या बोल्टवर तो घसरतो आणि डोकं गोल करून टाकतो. इंची पान्यांचा छोटा संच सुरुवातीलाच घ्या. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी मारून ठेवलं, तर सकाळी निम्मी मारामारी वाचते.

बाक निघाला की खालचा पत्रा टोचून बघा. कॅनव्हासच्या हुडातून पाणी आत येतं, मॅटखाली साचतं आणि बाकाच्या पायाशी पत्रा खालून सडतो. कोकणातल्या गाड्यांत हे जवळपास ठरलेलंच. वरून रंग शाबूत दिसतो, पण स्क्रू ड्रायव्हर दाबला की आरपार जातो. अशा जागी मोठा वॉशर घालून भागवू नका. सडका भाग कापून चांगल्या पत्र्याचा तुकडा जोडा आणि बोल्टच्या खाली 50 × 50 मिमीची, 3 मिमी जाड पट्टी द्या, म्हणजे भार पसरतो. फरशीतली पाणी जायची भोकं मोकळी करा. गंज तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडल्याशिवाय रेड ऑक्साइड लावू नका, सुट्या गंजावरचा प्रायमर पापुद्र्यासारखा निघतो.

आता बिजागरी, आणि इथे वेळ द्यायला कंजुषी करू नका. लोक मागून चढताना बाकाच्या कडेवर पाय देतात. तो सगळा भार बिजागरीच्या वेल्डिंगवर येतो, म्हणून पाइपला चीर जाते ती जोडाच्या अगदी शेजारी. चिरेवर नुसता वेल्डिंगचा थर चढवला तर ती पुन्हा बाजूला फुटते. चीर ग्राइंडरने उघडा, भरा, आणि बाहेरून छोटी आधारपट्टी द्या. फ्रेमचा पाइप साधारण 16 गेजचा, म्हणजे 1.6 मिमी जाड असतो. त्यावर 2.5 मिमीचा रॉड 60 ते 80 अँपिअरवर चालतो, जास्त करंट दिला की भोक पडतं. जमत असेल तर 0.8 मिमी तारेचं सीओटू वेल्डिंग उत्तम. फोम-रेक्झिन उतरवूनच वेल्डिंग करा आणि शक्यतो बाक गाडीबाहेर काढूनच. फरशीवर वेल्डिंग करायचंच असेल, तर बॅटरीची ऋण तार काढा आणि इंधनाची टाकी व नळी कुठून गेली आहे ते आधी बघा. फोमचा धूर विषारी असतो आणि पेट घ्यायला एक ठिणगी पुरते.

पिनचं भोक झिजून लांबट झालं असेल, तर जाडी पिन ठोकून काम होत नाही. 8 मिमीचं भोक साडेनऊ झालं असेल, तर ते वाढवून त्यात बुश (छोटी धातूची नळी) बसवा, किंवा बरोबर 8 मिमी भोकाचा जाड वॉशर वरून वेल्ड करा. दोन्ही बिजागऱ्या एका रेषेत हव्यात, यासाठी दोन्हींतून एकच सरळ सळई ओवा आणि मगच वेल्डिंगचे छोटे टाके मारा. टाके मारून झाल्यावर बाक दहा वेळा उचला-टेकवा. जड जात असेल तर टाका तोडून पुन्हा जुळवा. नीट चालला की 15 ते 20 मिमीचे तुकडे आलटून पालटून भरा. सलग वेल्डिंग केलं की फ्रेम ताणली जाते आणि बाक पिळतो.

खटका हलका समजू नका. उचललेला बाक कच्च्या रस्त्यावर सुटून खाली आला, तर कुणाची बोटं किंवा पाय सापडतात. आकड्याची धार गोल झाली असेल तर ती भरून कानसीने घासा, स्प्रिंग नवी टाका. पट्ट्याने अडकवायचा बाक असेल, तर 25 मिमीची नायलॉन पट्टी घ्या, टोक गरम पात्याने वितळवा आणि शिवण चौकोनात फुलीची मारा. बाक बंद करून दोन्ही हातांनी जोरात हलवा. खटका खडखडला, तर तो अजून झालेला नाही.

फोमची जाडी जुन्या गादीवरून ठरवू नका, ती दबलेली असते. नवी फळी बसवून बाक उचला आणि फळी ते भिंत हे अंतर मोजा. ते 85 मिमी असेल, तर खाली 25 मिमी रिबाँडेड (फोमचे तुकडे दाबून केलेला) आणि वर 40 घनतेचा 50 मिमी फोम बसतो, रेक्झिन आणि पायपिंगला (कडेच्या शिवणीतल्या गोल पट्टीला) जागा उरते. मऊपणासाठी गिऱ्हाईक शंभर मिमी मागेल, त्याला कारण सांगून नकार द्या. गादी जाड झाली की ती बिजागरीपाशी पाचरीसारखी अडकते आणि दर वेळी उचलताना स्क्रू उपटत जाते. फोम तीन बाजूंनी फळीपेक्षा 10 मिमी मोठा कापा, म्हणजे कव्हर ताणून बसतं. बिजागरीच्या बाजूला मात्र फोमची कडा फळीच्या कडेबरोबरच ठेवा. फळी 12 मिमीची, पाण्यात टिकणारी. कडा आणि भोकांच्या आतही वॉर्निश लावा, पाणी तिथूनच शिरतं.

रेक्झिन 54 इंची पन्ह्याचं येतं. बैठक 1050 × 350 मिमीची असेल, तर बाजू आणि खाली दुमडायचा भाग धरून 1300 × 600 मिमीचा तुकडा लागतो आणि तो पन्ह्यात आडवा बसतो. दोन बैठका, दोन पाठी आणि पायपिंग मिळून अडीच मीटर पुरतं. जुनं कव्हर फाडू नका, शिवणी उसवून त्याचाच फर्मा करा आणि मध्यावर खुणा द्या. सुई 18 नंबर, धागा पॉलिस्टर किंवा नायलॉन, टाका 4 मिमी. बारीक टाका मजबूत वाटतो, पण रेक्झिनला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि तिथूनच ते फाटतं. खालच्या बाजूला हवा जायला चार-पाच छिद्रं ठेवा. नाहीतर माणूस धपकन बसला की कोंडलेली हवा शिवण फोडते.

सीट बेल्ट असेल तर त्याचा जीर्ण पट्टा शिवू नका, बदला. बेल्टचे बोल्टही मूळचेच परत लावा. आणि गिऱ्हाईकाने समोरासमोरचे बाक काढून पुढे तोंड असलेली सीट बसवायला सांगितली, तर ती दुरुस्ती राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे तो गाडीतला बदल ठरतो. आरटीओचे कागद झाल्याशिवाय त्याला हात लावू नका.

हे काम शिकायला आयटीआयचा वर्षभराचा वेल्डरचा कोर्स आणि कुशनच्या दुकानात शिलाईवर काढलेलं वर्ष, ही जोडी आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटते. नुसती शिलाई येणारे पुष्कळ आहेत, फ्रेम सरळ करता येणारे कमी. जुन्या बिजागऱ्या आणि खटके पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधावे लागतात. नमुना हातात घेऊनच जा, फोटोवरून माप चुकतं.

गाडी देताना 8 मिमीचे बोल्ट सुमारे 25 न्यूटन-मीटरवर आवळा, नायलॉन लॉक नट नवे घाला आणि आठवड्याने गाडी परत बोलवा. नवा रंग दबून बोल्ट थोडे सैलावतात, ते तेव्हा पुन्हा आवळून द्यायचे.