तडकलेला मणी पेटीत कसा गेला

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला नाशिकमध्ये बाकीचे वेबसाइट करत होते आणि मला कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलणारं सॉफ्टवेअर) लिहायची हौस आली. टेस्टसाठी उदाहरण घरचंच होतं: पिंपळगावच्या मामाची द्राक्षं. जाती तीन: थॉमसन, सोनाका, शरद. अवस्था तीन: गोड, आंबट, तडकलेला.

मॅचमध्ये, म्हणजे 'असं असेल तर असं कर' या यादीत, केस (एकेक ओळ) लिहिल्या त्या अशा: थॉमसन आणि गोड असेल तर निर्यात. जात कुठलीही, पण मणी तडकलेला, तर बाजूला. थॉमसन, बाकी काहीही, तर लोकल बाजार. खाली आणखी काही. वरून खाली वाचत यायचं, पहिली जुळेल ती घ्यायची. रस्ट, हॅस्केल, ओकॅमल या भाषांत सगळीकडे हेच. तरी तडकलेलं थॉमसन माझ्याकडे लोकल बाजारात जात होतं. मामाने स्क्रीन बघून एवढंच विचारलं, "अरे, तडकलेला मणी पेटीत कसा गेला?"

दोन दिवस मी प्रोग्रामच उलटसुलट करत बसलो. कंपायलर चुकत नसतो, आपण चुकतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथे कंपायलरही आपलाच आहे हे उशिरा सुचलं.

मग एकेक केस काढत गेलो. निर्यातीची काढली तरी चूक तशीच. शेवटी दोनच उरल्या, 'कुठलीही, तडकलेला' आणि 'थॉमसन, काहीही'. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, तुम्ही तरी करा.

दोन ओळींचं झाड, म्हणजे कंपायलर कुठल्या तपासणीनंतर कुठे वळतो त्याचं चित्र, वहीत काढल्यावर घोळ दिसला. तीच तपासणी पुन्हापुन्हा नको म्हणून माझा कंपायलर केसचे पहिल्या रकान्यावरून, म्हणजे जातीवरून, गट पाडत होता. थॉमसनवाली थॉमसनच्या गटात, अंडरस्कोअरवाली (कोडमध्ये 'कुठलीही'च्या जागी अंडरस्कोअर लिहितात) 'उरलेल्या' गटात. थॉमसन आलं की दुसऱ्या गटाकडे बघायचंच नाही. खरं तर अंडरस्कोअरची ओळ प्रत्येक गटात उतरवावी लागते, आणि तीही मूळ क्रमाने. रकाने कुठलेही आधी तपासा, ओळी मागेपुढे होता कामा नयेत. संशोधक ल्युक मारांजे यांचा २००८चा शोधनिबंध याच झाडांवर आहे. मी तो नंतर वाचला, हा माझा शहाणपणा.

दुरुस्तीनंतर एक मठ्ठ इंटरप्रिटर (प्रोग्राम न बदलता थेट चालवणारा) लिहिला. गट नाहीत, झाड नाही, नुसतं वरून खाली. तीन जाती, तीन अवस्था, नऊ जोड्या दोन्हीकडून चालवून उत्तरं ताडून पाहिली. जुन्या कोडवर त्या दोन केस चालवल्या तेव्हा नऊपैकी एकच जोडी फसली होती, आणि मामाने बोट ठेवलं होतं ते नेमकं तिच्यावरच.