खुडूक कोंबडी हलवताय? या चुका टाळा

कोंबडी खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडते, ती तिच्या पसंतीच्या जागी, आपल्या नाही. माझी पहिली खुडूक सरपणाच्या ढिगामागे बसली होती. तिथे घुशींचा वावर, म्हणून मी भर दुपारी तिला अंड्यांसकट उचलून पडवीतल्या पाटीत आणून ठेवली. दहा मिनिटांत बाई कलकलाट करत बाहेर पडली आणि सरपणामागे जाऊन मोकळ्या जमिनीवर तशीच पिसं फुलवून बसली. इकडे पाटीतली अकरा अंडी संध्याकाळपर्यंत गार.

माझी चूक एक नव्हती, तीन होत्या. दिवसा हलवली, पक्की खुडूक झाली का ते न पाहता हलवली, आणि खरी अंडी सोबत दिली. खुडुकीची ओढ सुरुवातीला अंड्यांपेक्षा जागेकडे जास्त असते. त्यामुळे आधी नवी जागा तिच्या अंगवळणी पडली पाहिजे, अंडी मागाहून.

पक्की खुडूक कशी ओळखायची? ती सलग दोन-तीन रात्री खुराड्यात न जाता तिथेच बसते. हात नेला की पिसं फुलवते, टोचते, घशातून खुडखुड करते. पोटाखाली हात घातला तर पिसं झडलेली आणि कातडी कढत लागते. तास-दोन तास बसून उठणारी कोंबडी नुसती अंडं घालायला आलेली असते.

हलवायची ती पूर्ण अंधार पडल्यावर. कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे ती गोंधळ घालत नाही. नवी पाटी आधीच तयार ठेवा: तळाला थोडी माती, तिच्यावर उन्हात वाळवलेला पेंढा, मध्ये खोलगट. त्यात दोन-तीन टाकाऊ अंडी किंवा अंड्याएवढे गुळगुळीत गोटे ठेवा. कोंबडी दोन्ही हातांनी पंखांसकट धरून हळूच बसवा, वर डालगं (बांबूची मोठी टोपली) पालथं घाला आणि त्यावर पोतं टाका. सकाळी लगेच उघडू नका. दिवसातून एकदाच, पाण्यादाण्यापुरती सोडा. ती पंधरा-वीस मिनिटांत चरून, धुळीत लोळून, एक भलीमोठी घाण वासाची शीट टाकून परत पाटीत जाते का ते बघा. जुनी जागा मात्र आधी बुजवा, नाहीतर ती तिकडेच पळेल. दोन-तीन दिवस हे जमलं, की रात्री गोटे काढून खरी अंडी सरकवा.

अंड्यांच्या निवडीतही पुष्कळ जण फसतात. दुकानातली पांढरी अंडी ठेवू नका. त्या फार्मात कोंबडाच नसतो, तर पिल्लू कुठून येणार? अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली हवीत. धुतली की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत शिरतात. साठवायची तर गार जागी, निमुळतं टोक खाली करून. गावठी कोंबडीला दहा-बारा अंडी पुरे. हौसेने अठरा ठेवलीत तर कडेची गार पडतात आणि फिरवाफिरवीत सगळ्यांचीच वाट लागते. विषम आकडाच घ्यावा असं आजी सांगायची. त्याने काही बिघडत नाही, पण सुधारतही नाही.

सगळी अंडी एकाच रात्री ठेवा आणि पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या कोंबड्या त्याच पाटीत येऊन अंडी घालतात, ती बिनखुणेची रोज उचलायची. नाहीतर पहिली पिल्लं निघाली की आई त्यांच्यामागे जाते आणि अर्धी उबलेली मागे राहतात. कोंबडीच्या अंड्यांना 21 दिवस लागतात, म्हणजे ज्या वारी बसवली त्याच वारी फुटायची. बदकाच्या अंड्यांना 28. दोन्ही एकत्र बसवू नका.

पिसवा हे मधेच उठून जाण्याचं मोठं कारण. रात्री त्या रक्त पितात आणि कोंबडी हैराण होऊन पाटी सोडते. बसवण्याआधीच तिला राख-मातीत लोळू द्या, पेंढा बदला. मी निर्गुडीची पानंही घालते, पण भरवसा स्वच्छ पेंढ्यावरच ठेवते.

ती एखाद्या रात्री उठून गेली, तर अंडी लगेच फेकू नका. पुष्कळदा आतला जीव तग धरतो. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला लावून बघा. कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ठेवा, आरपार स्वच्छ दिसलं तर काढा. शेवटी-शेवटी कोमट पाण्यात अंडं सोडून हलतं का बघायची रीत आहे, ती मला पटत नाही. कवचाला टोच, म्हणजे पिल्लाने आतून चोचीने पाडलेलं भोक, पडलेली असली तर पिल्लू बुडतं.

अठराव्या दिवसापासून हात आवरा. डालगं सारखं उचलून बघू नका. पहिली टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला चोवीस तासही लागतात. तोवर ते आतला बलक पोटात ओढून घेत असतं, पडद्यातल्या शिरा सुकत असतात. घाईने टरफल सोललंत तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. दिवस उलटूनही टोच तिथेच अडली आणि पडदा कोरडा पडलेला दिसला, तरच कोमट पाण्याचं बोट फिरवून टोचेजवळची चिमूटभर कपची काढा. रक्ताचा ठिपका दिसला की थांबा, अंडं परत आईखाली.

मुंग्यांवर लक्ष ठेवा. फुटलेल्या अंड्याच्या वासाने त्या येतात, म्हणून डालग्याभोवती राखेचं कडं करा. पिल्लं पहिले दोन दिवस पोटातल्या बलकावर काढतात, कण्या भरवायची घाई नको. पाणी मात्र उथळ ताटलीत, खडे टाकून.

एक-दोन अंडी राहिली तर आणखी दीड दिवस थांबा, मग काढा. हलकेच उचला. कुजकं अंडं हातात फुटलं तर तो वास दोन आंघोळींनीही जात नाही. उकिरड्यावर टाकू नका, कुत्रं उकरणार नाही इतक्या खोल पुरा.