जुन्या गाडीला एचएसआरपी पाटी बसवताना

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) लागते. कारसाठी शुल्क ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे.

बुकिंग परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच सुरू करा. गुगलवर आधी दिसणारी प्रत्येक साइट खरी असेलच असं नाही. आरटीओचा कोड निवडला की तिथल्या अधिकृत एजन्सीचं पान उघडतं. गाडी नंबर, चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच अंक, मोबाइल आणि ओटीपी एवढंच लागतं.

जुन्या गाडीचं घोडं इथेच अडतं. फॉर्म ‘माहिती जुळत नाही’ म्हणतो, कारण जुन्या कागदी आरसीवरून ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत नोंद करताना एखादा अंक चुकलेला असतो. आठचा बी, शून्याचा ओ. अशा वेळी पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका. आधी चेसिसवरचा नंबर प्रत्यक्ष वाचा (गंज चढला असेल तर रॉकेलचा बोळा फिरवा) आणि आरटीओकडून नोंद दुरुस्त करून घ्या.

बसवून झाल्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, डाव्या कोपऱ्यात लेसरने कोरलेला दहा अंकी क्रमांक आणि पाटी धरून ठेवणारं, एकदा बसलं की न उघडणारं स्नॅप लॉक तपासा. साधा स्क्रू ठोकला असेल तर लगेच बदलायला लावा. काचेवरचं स्टिकर पेट्रोलला निळं, डिझेलला नारिंगी.

८०५५ ला ‘बॉस’ करायची हौस मात्र या पाटीवर चालत नाही.