गोल्फचं हँडिकॅप मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर कसं काढायचं

कोल्हापुरातनं पुण्याला वगैरे खेळायला जाणाऱ्या नव्या पोरांना एकच प्रॉब्लेम येतो, हँडिकॅप (म्हणजे आपला खेळ किती चांगला ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ भारी) किती म्हटलं की सगळे गप्प, आणि काहीजण तर सगळ्या स्कोअरची सरासरी काढून सांगतात, ते चुकीचं हाय.

असं करा:

१. स्कोअरकार्डावरचं कोर्स रेटिंग (कसलेल्या खेळाडूला त्या कोर्सवर साधारण किती फटके लागतील) आणि स्लोप रेटिंग (त्याच्या मानानं साध्या खेळाडूला कोर्स किती अवघड), दोन्हीचा फोटो काढून ठेवा.

२. स्कोअरमधनं कोर्स रेटिंग वजा करा, ११३ नं (हा सर्वसाधारण कोर्सचा स्लोप) गुणा, स्लोपनं भागा. समजा स्कोअर ९५, रेटिंग ७१, स्लोप १२० असेल तर २४ गुणिले ११३ भागिले १२० म्हणजे २२.६, हे झालं त्या राउंडचं डिफरन्शियल. पण आधी एक बघा भावांनो, पहिलंच हँडिकॅप काढताय तर कुठल्याही होलला पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) अधिक ५ पेक्षा जास्त धरायचं नाही, एखाद्या होलला १४ लागले म्हणून १४ लिहून बसू नका.

३. एकूण ५४ होल्स झाले की सुरुवात होते. १८ होल्सचे तीनच राउंड असतील तर सगळ्यात कमी डिफरन्शियलमधनं २ वजा, म्हणजे वरचं २२.६ सगळ्यात कमी असेल तर २०.६. पुढं २० राउंड झाले की त्यातल्या बेस्ट ८ ची सरासरी.

फक्त हा घरचा आकडा ऑफिशियल नसतो बरं का. त्यासाठी मान्यताप्राप्त क्लबची मेंबरशिप लागते, मार्करची (सोबत राहून आपला स्कोअर लिहिणाऱ्याची) सही असलेलं कार्ड तिथं द्यावं लागतं, आणि एकट्यानं खेळलेला राउंड धरत नाहीत, म्हणून सोबतीला कुणीतरी घेऊनच जावा.